बिनयीस्टची प्रेट्झेलं

माझा दादा घरात शिरण्याआधी दारात वाकतो. दार ठेंगणं आहे म्हणून नव्हे. समोर वहिनी उभी असते. तिच्या नाकाजवळ तोंड न्यायचं आणि 'हा' करून श्वास सोडायचा, असा त्या घरचा नियम आहे. ती वास घेते, मान हलवते, बाजूला होते, आणि मग तो चपला काढतो. भाजी घेऊन आला तरी हेच, केस कापून आला तरी हेच. घरात पाहुणे बसलेले असले तरी सूट नाही. पाहुणे बिचारे छताकडे बघत बसतात. मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि लोकांचे कपडे शिवते. वर-खाली करताना हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की दुसऱ्या कुणाचा नवरा थेट घरात घुसला, की मलाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

एके काळी याच माणसाला अख्खी बेकरी मास्तर म्हणायची. पाव, बिस्किटं करणारे तिथे बरेच होते, पण प्रेट्झेल, तो परदेशी धाटणीचा गाठ मारलेला खारा पाव, म्हणजे दादा. पिठाची लांब वळी दोन्ही टोकांना धरायची, हवेत एक हिसका द्यायचा, आणि टेबलावर पडेपर्यंत तिचं वेटोळं तयार. बघणाऱ्याला वाटायचं, पीठच आपणहून वळलं. मग ती प्रेट्झेलं सोड्याच्या उकळत्या पाण्यात एक डुबकी मारून, वर जाड मीठ घेऊन भट्टीत जायची आणि तांबूस, चकचकीत होऊन बाहेर यायची. बाहेरून ताणलेली, आतून मऊ. मी लग्नाआधी त्याला डबा द्यायला जायची तेव्हा तो टेबलापाशी नसायचा, पिठाच्या टोपल्यापाशी उभा असायचा. मळलेल्या पिठावर ओलं फडकं. मधूनच फडकं उचलून बोटाने हळूच दाबून बघायचा. कुणी घाई केली की म्हणायचा, "झोपलंय अजून. उठवू नका." यीस्टचं पीठ असंच असतं म्हणे, मळून झालं की त्याला निवांत फुगू द्यावं लागतं. त्या फुगण्यात सगळी जान असते. दादा त्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. मालक येरझाऱ्या घालायचा, गिऱ्हाईक खोळंबायचं, आणि दादा टोपल्याजवळ राखणीला बसल्यासारखा बसायचा.

आता बाकीचंही सांगते, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दादा प्यायचा. आधी इतर पितात तसा, मग इतर पीत नाहीत तसा. वहिनीने बेकरीच्या मालकाला भेटून पगार आपल्या हातात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटलं, सुटलो. त्या पठ्ठ्याने काय केलं, तर बेकरीतलं यीस्ट खिशातून घरी आणलं, साखरेच्या पाण्यात घातलं आणि न्हाणीघराच्या माळ्यावर प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये स्वतःची दारू आंबायला ठेवली. हुशार माणूस. फक्त कॅनचं झाकण त्याने घट्ट लावलं.

तो कॅन फुटला तेव्हा माझी भाची, दादाची मुलगी, आंघोळीला गेली होती. परीक्षा होती तिची त्या दिवशी. माळ्यावरून तो आंबट घाण लोट तिच्या डोक्यावर, दोरीवर टाकलेल्या कपड्यांवर, भिंतीवर आला. आवाजाने मी खालून धावत गेले. पोरीचे केस धुऊन धुऊन आमचे हात दुखले, तरी ती वर्गात गेली तेव्हा शेजारच्या मुलीने बाक बदलून मागितला. भाची आता दूर, नवऱ्याच्या गावी असते. फोन करते तेव्हा "बाबा बरे आहेत ना?" एवढंच विचारते, आणि त्याचा अर्थ एकच असतो.

यीस्ट कुठून आलं हे कळायला बेकरीच्या मालकाला वेळ लागला नाही. दादाला काढून टाकलं. त्यानंतर त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, इस्पितळात मरता मरता वाचला. बाहेर आला तो दारू सोडूनच. पुन्हा थेंब घेतला नाही. हे मी त्याची बहीण म्हणून सांगत नाही. त्याच्या श्वासाची रोज तपासणी होत आलीय, साक्षीदार माझी वहिनी आहे.

वहिनीने मात्र त्या दिवसापासून घरात यीस्ट येऊ दिलं नाही. दारूचं सोडा, दारूच्या बाटलीचं चित्र असलेलं मासिकही एक वेळ चाललं असतं, पण यीस्ट नाही. पाकीट दिसलं की ती साप दिसल्यासारखी मागे सरायची. मी नणंद आहे, वहिनीची कड घेण्याची मला हौस नाही; पण पोरीचे केस मीही धुतले होते, तेव्हा मी तोंड मिटून होते. तिच्या जागी मी असते तर नवराच घरात येऊ दिला नसता.

दादा घरी बसला. बसला म्हणजे खरोखरच बसला, खिडकीशी, दिवसभर. माझ्याकडे यायचा तेव्हा मी शिवत असताना कापडाच्या उरलेल्या पट्ट्या उचलायचा आणि बोलता बोलता वळून ठेवायचा. मशीनच्या पायाशी चिंध्यांची प्रेट्झेलं साचायची. वहिनी एकदा ब्लाउज न्यायला आली तेव्हा तिने ती पाहिली. दुसऱ्या दिवशी ती मैदा, दही, बेकिंग पावडर घेऊन आली आणि दादापुढे ठेवून म्हणाली, की यीस्टशिवायही होतात, मी मोबाइलवर पाहिलंय, करा.

दादा हसला. मग करायला बसला, कारण समोर मैदा होता. पहिल्या खेपेला काय झालं ते सांगण्यासारखं नाही. बेकिंग पावडरच्या पिठाचा स्वभावच उलटा. दही लागलं रे लागलं की ते कामाला लागतं आणि थोड्या वेळात दमून बसतं. त्याला ठेवून चालत नाही. मळलं की लगेच वळायचं, वळलं की लगेच सोड्याच्या पाण्यात, पाण्यातून थेट ओव्हनमध्ये. वर ते ताणलं जात नाही. हवेत हिसका दिला की दोन तुकडे हातात. दादाने ओढायचं सोडून दिलं, वळी आखूड आणि जाड केली, टेबलावरच बोटांनी जपून गाठ घालायला शिकला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, थांबायचं सोडून दिलं. त्या स्वयंपाकघरात मी त्याला कधी नुसता उभा पाहिलाच नाही. मळ, वळ, बुडव, भाज. वहिनी पाणी उकळत ठेवायची, मीठ पेरायची, आणि सगळं गरम गरम टोपलीत भरून बसथांब्यावर घेऊन जायची.

विकली जायची. लोकांना काय, गरम, मऊ, खारट, हातात धरून खाता येतं. कुणी नावं ठेवली नाहीत. मलाही आवडायची. दादा मात्र स्वतः एकही खायचा नाही. एकदा मी आग्रह केला तर म्हणाला, की ही प्रेट्झेलसारखी दिसणारी भाकरी आहे, तू खा. वहिनी तिथेच होती. तिने ऐकलं आणि टोपली उचलून निघून गेली. तिचंही काय चुकलं? उन्हात ती उभी राहायची.

अशी वर्षं गेली. मध्ये एकदा त्याने विचारलं होतं, थोडं यीस्ट आणू दे, तुझ्या डोळ्यांसमोर वापरतो, उरलेलं तूच फेकून दे. वहिनी म्हणाली, "पिणारेही असंच म्हणतात. एकच घोट, तुझ्या डोळ्यांसमोर." तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

मग लांब्या आला. लांब्या म्हणजे दादाच्या हाताखाली शिकलेला, ताडमाड उंच, त्या वेळी पिठाची पोती उचलणारा. आता मोठ्या रस्त्यावर नवी काचेची बेकरी झालीय, तिथे तो सगळ्या भट्ट्यांवरचा मुख्य आहे. बसथांब्यावर त्याने वहिनीच्या टोपलीतलं प्रेट्झेल घेतलं, खाण्याआधी उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे मास्तरांनी वळलंय ना?" गाठीवरून ओळखलं त्याने. संध्याकाळी घरी आला, दादाच्या पाया पडला. म्हणाला, आमच्याकडे प्रेट्झेल करणारा हात नाही. मी मॅनेजरशी बोललोय. जुनं काय झालं ते त्यांना माहीत आहे, तरी बघायला तयार आहेत. एकदा येऊन करून दाखवा, बस.

त्या रात्री दादा जेवला नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन मशीनशेजारी बसला आणि चिंधी हातात घेऊन म्हणाला, "मला परत कुणी मास्तर म्हणेल असं वाटलं नव्हतं गं." मी मशीन थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर मला रडू आलं असतं.

त्याला फक्त सराव हवा होता. एकदा, दोनदा घरी यीस्टचं पीठ करून बघायचं होतं. वहिनी ऐकेना. नोकरीला तिची ना नव्हती. उलट तिने त्याचा पांढरा सदरा खळ घालून इस्त्री केला. पण यीस्ट घरात नाही म्हणजे नाही. म्हणाली, की जन्मभर तेच केलंत, हात थोडाच विसरतो? दादाने मान खाली घातली. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे कर. तोच नको म्हणाला. ती आता माझ्या हातांचाही वास घेईल, म्हणाला.

एकटं मात्र वहिनीने त्याला सोडलं नाही. बेकऱ्यांमध्ये यीस्टचे खोकेच्या खोके असतात. म्हणून मला बरोबर धाडलं. "वन्सं, तुम्ही जा. नजर ठेवा." पन्नाशी उलटलेल्या भावावर नजर ठेवायला मी काम टाकून निघाले. वाटेत तो आरशासारखी दिसणारी प्रत्येक काच बघून केस सारखे करत होता.

त्या बेकरीत सगळं चकचकीत. मला दाराजवळ स्टूल दिलं. दादाला ॲप्रन दिला, टोपी दिली. मॅनेजर तरुण होता, सभ्य होता, हाताची घडी घालून उभा राहिला. आणखी दोघे-तिघे जमले. लांब्याने सामान मांडून दिलं आणि तो भट्टीकडे गेला, त्याची पावांची खेप निघायची होती.

दादाने यीस्टचा ओला ठोकळा हातात घेतला. नाकाशी नेला. डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच राहिला. मला त्याच्या मनात काय चाललंय ते कळत होतं. त्याला त्याची जुनी बेकरी सापडली होती. पण मॅनेजरने शेजारच्याकडे पाहिलेलंही मला दिसलं. त्याला दुसरंच काहीतरी दिसत होतं.

मग दादाने पीठ मळलं. काय सुंदर मळलं. खांद्यापासून जोर, मनगटाची लय, पीठ टेबलावर आपटून परत गोळा. बघणारे जवळ सरकले. गोळा गुळगुळीत झाला तसा दादाने सुरी घेतली, तुकडे पाडले आणि वळायला लागला.

मी स्टुलावर बसून बघत होते आणि मला काहीही चुकतंय असं वाटलं नाही. आमच्या घरी असंच करतात. मळलं की वळायचं.

पीठ ऐकेना. वळी लांबवली की परत आखडायची, रबरासारखी. दादाने आणखी जोर लावला. ती पुन्हा आखडली. त्याच्या कपाळावर घाम आला. हवेत हिसका द्यायला गेला, ती लांब झालीच नाही, गाठ अर्धवट पडली. त्याने ती टेबलावर बोटांनी कशीबशी बसवली, जशी घरी बसवतो तशी. हात थरथरायला लागले. तेवढ्यात लांब्या भट्टीकडून वळला. त्याने आधी टेबल पाहिलं, मग फडकं पाहिलं, जे घडी घातलेलं तसंच पडलं होतं. त्याचा चेहरा पडला. पण तो बोलला नाही. नंतर तो मला शपथेवर म्हणाला, की मास्तरांना मी काय सांगणार, मला वाटलं त्यांची काही नवी रीत असेल. ज्या माणसाने त्याला पिठाला झोपू दे म्हणून शिकवलं, त्याला तो कसा सांगणार?

दादाने ती प्रेट्झेलं सोड्याच्या पाण्यात सोडली, मीठ पेरलं, ट्रे भट्टीत गेला. बाहेर आली तेव्हा ती मुठीएवढी, गच्च, जागोजागी फाटलेली होती. मॅनेजरने एक उचलून टेबलावर टकटक वाजवलं. लांब्याला घेऊन बाजूला गेला.

दादा ट्रेकडे बघत उभा होता. मग त्याने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, जिथे दुसऱ्या कुणाचं तरी पीठ फडक्याखाली फुगत होतं. तेव्हा त्याला कळलं. मी ते कळताना पाहिलं. माणसाच्या अंगातून कुणी हवा काढून घ्यावी तसा तो टेबलाला टेकला.

लांब्या परत आला. तो रडवेला झाला होता. मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं: हात थरथरतात, यीस्टचा वास घेत उभा राहतो, आणि इतका जुना कारागीर पीठ फुगवायलाच विसरतो, शुद्धीवर असलेला माणूस असं करेल का? लांब्याने ते आडून आडून सांगितलं आणि मग दादाच्या अगदी जवळ येऊन हळूच विचारलं, "मास्तर, सकाळी थोडी घेतली होती का? मला सांगा. मी सांभाळून घेतो."

दादा वाकला. सगळ्यांसमोर, टोपी घातलेला, आपल्या शिष्यासमोर वाकला आणि तोंड पुढे करून 'हा' केलं. सवयच ती. लांब्या दचकून मागे सरला. त्याला बिचाऱ्याला कळेना, की हे काय, आणि याचं काय करायचं. दादा तसाच वाकून वाट बघत राहिला. मग मी स्टुलावरून उठले, त्याच्या डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

आम्ही पोचायच्या आधी लांब्याचा फोन वहिनीला पोचला होता. चांगल्या मनाने केला असणार. मास्तरांना जपा, म्हणाला असणार. वहिनी दारात उभी होती, चेहरा पांढराफटक. दादा वाकला. तिने वास घेतला. परत, म्हणाली. त्याने परत श्वास सोडला. तिसऱ्यांदा तिने त्याचे हात नाकाशी धरले. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, की वहिनी, थेंबसुद्धा नाही.

"मग झालं काय?" तिने विचारलं.

"पीठ ठेवायचं राहिलं," दादा म्हणाला.

"ठेवायचं म्हणजे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. रागाने नाही. शिकाऊ पोराला सांगावं तसं सांगितलं, "झाकून ठेवायचं. फुगेपर्यंत. आपल्याकडे ठेवत नाहीत ना."

वहिनी तिथेच उंबऱ्यावर बसली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, पोरीचे केस धुतानाही नाही. मला तिचा रागही आला आणि कीवही आली, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता. मी खाली निघून आले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात जाऊन यीस्टचं पाकीट घेऊन आली. ओट्यावर त्याच्यासमोर ठेवलं. दादाने ते उचलून फळीवर मिठाच्या बरणीमागे ठेवलं, दही आणि बेकिंग पावडर काढली आणि मळायला लागला. मळ, वळ, बुडव, भाज. तिने विचारलं तर म्हणाला, की आता हाताला हेच येतं. लांब्या नंतर दोनदा येऊन गेला, मॅनेजरला सगळं समजावलंय, पुन्हा या म्हणाला. दादाने त्याला गरम प्रेट्झेल दिलं आणि बेकरीचा विषय निघू दिला नाही. ते पाकीट अजून बरणीमागे आहे, फोडलेलंही नाही.

वहिनीने वास घेणंही सोडायचं ठरवलं. एका संध्याकाळी तो आला, वाकला, तर ती बाजूला होऊन म्हणाली, "पुरे झालं आता. या आत."

दादा वाकलेलाच राहिला. "घे," म्हणाला.

तिने तोंड फिरवलं. तो पिशवी हातात घेऊन दारात तसाच. वरचे बिऱ्हाडकरू जिन्यावरून अंग चोरून गेले. शेवटी तिने नाक पुढे केलं, वास घेतला, आणि मगच त्याने चपला काढल्या. तेव्हापासून रोज असंच चालतं. ती नको म्हणते, तो वाकतो. ती स्वयंपाकघरात निघून गेली तर तो बाहेर उभा राहतो. तिने एकदा हात जोडले. त्याने श्वास सोडला.

परवा दुपारी मी वर गेले तर दादा जिन्याच्या पायरीवर बसला होता, भाजीची पिशवी मांडीवर. कोथिंबीर उन्हाने माना टाकून पडली होती. वहिनी कुठे बाहेर गेली होती. मला वाटलं, याच्याकडे किल्ली नाही. पण दाराला कुलूप नव्हतंच, नुसतं लोटून घेतलेलं होतं. मी बोट लावलं तर उघडलं.

"आत जा की," मी म्हटलं.

"वास घ्यायला कुणी नाही," दादा म्हणाला, आणि पिशवी सावरून बसून राहिला.